बाटलीमागे एक आणा

सन १९३२, वैशाख. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवा दिवस. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या आमच्या गावात लोकल बोर्डाच्या दवाखान्याच्या दाराला एक कागद लागला. आजपासून औषधाला बाटलीमागे एक आणा पडेल, असं त्यावर लिहिलं होतं. तोवर औषध फुकट होतं. बाटली तेवढी घरून आणायची.

त्या कागदाने आठ महिन्यांत जेवढे किस्से घडवले, तेवढे आधीच्या वीस वर्षांत घडले नाहीत. दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. कपाशीची गाडी रस्त्याने गेली की बाभळींना कापूस लटकून राहतो, तसे ते लटकून राहतात. पारावर मी ते पुष्कळदा सांगितले. आता लिहितो. लिहिताना कोणी मध्ये बोलत नाही.

मी त्या दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, गळू फोडताना डॉक्टरसाहेबांच्या शेजारी तबक धरून उभं राहणं हे माझं काम. जातीचा न्हावी. शाळा तिसरीपर्यंत. माझा बाप गावची गळवं फोडायचा, आजाही फोडायचा. म्हणून मला बोर्डाने उपकार करून नोकरी दिली असं कोणी समजू नये. डॉक्टरसाहेबांनी माझा हात पाहिला आणि ठेवून घेतलं.

डॉक्टरसाहेब कोकणातले. आमच्या उन्हाला कंटाळलेले, पण माणूस खरा. औषधं बनवायला कंपाउंडर इस्माईलभाई. एवढेच आम्ही तिघं.

* * *

आण्याचा कागद का लागला ते आधी सांगतो.

कापसाचा भाव पडला होता. शेतसारा थकला होता आणि बोर्डाची पेटी रिकामी झाली होती. तालुका बोर्डाचे प्रेसिडेंट म्हणजे आमच्याच गावचे शेठ. कापसातली सरकी काढायचा त्यांचा जिन होता. शेठ वाईट माणूस नव्हता, पण त्यांचं एक ठाम मत होतं. फुकटची वस्तू माणसाच्या अंगी लागत नाही. औषध फुकट मिळतं म्हणून लोक ते नीट घेत नाहीत, वाया घालवतात.

हे मत पक्कं व्हायला एक म्हातारी कारण झाली.

तेव्हा बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचे. पट्टीला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. शेवंताअक्काला हिवताप आला, तर इस्माईलभाईंनी तिला आठ खाचांची बाटली भरून दिली आणि समजावलं की रोज सकाळी एका खाचेपर्यंत प्यायचं. महिना झाला तरी अक्का परत आली नाही. मग एके दिवशी सहज आली. हातात बाटली, आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

साहेबांना वाटलं, हिने औषध घेतलंच नाही. ते तापले. शेठ त्या वेळी समोर बसलेले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते औषध वाया घालवलं.

अक्का म्हणाली, "रोज पिनू, भाऊ. एक खाच पिनू, वरथून एक खाच पानी टाकं. घरमा कोनतंच भांडं तळले जाऊ देवानं नही."

आमच्याकडे बायका पिठाचा डबा तळाला जाऊ देत नाहीत. संपलं असं तोंडानेही म्हणत नाहीत. अक्काने सरकारी औषधालाही तोच मान दिला होता.

साहेबांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. ताप नव्हता. शेठ म्हणाले, बघा, फुकट औषधाचं हे असं होतं. साहेबांनी इस्माईलभाईंना विचारलं की आता रजिस्टरात काय लिहायचं.

इस्माईलभाई म्हणाले, "बरी झाली, लिहा साहेब. कशाने, ते नका लिहू."

* * *

कागद लागला त्या दिवशी पहिला आणा शेठनी स्वतः दिला. त्यांच्या पायाला गजकर्ण होतं. गडी न पाठवता ते उन्हातून आले, रांगेत उभे राहिले आणि सगळ्यांदेखत आणा टेबलावर ठेवला. हे मला आवडलं. जो नियम करतो त्याने आधी तो पाळावा.

मग त्यांनी डबी उघडून पाहिली आणि म्हणाले, "मलम एवढंच?"

कालपर्यंत हीच डबी फुकट जायची. तेव्हा शेठनी कधी आत डोकावून पाहिलं नव्हतं.

शेठचं पाहून गाव शिकलं. आणा दिला की प्रत्येकजण गिऱ्हाईक झाला. औषध पांढरं का, लाल का नाही? कडू का नाही? आण्यात कडूपणा येत नसेल तर किती आण्यांत येतो? कोष्टीपुऱ्यातला एकजण तर घोट घेऊन, चव पाहून, बाटली परत देऊ लागला.

पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की आणा माणसामागे नाही, बाटलीमागे आहे. मग बाटल्या वाढू लागल्या. पावशेराची गेली, शेराची आली. श्रावणात एका आळीतल्या चार घरांनी मिळून घासलेटची बाटली आणली. एका घरात खोकला, दुसऱ्यात हगवण, तिसऱ्यात हिवताप. चौथ्या घरात कोणी आजारी नव्हतं, पण बाटली त्यांची होती.

साहेबांनी विचारलं, यात मी कोणतं औषध घालू?

बाटली घेऊन आलेला म्हणाला, "तिघांचं घाला साहेब. चौथ्याला पुढं लागेल ते तुम्हीच ठरवा."

* * *

आबा पाटलांना आणा मान्य नव्हता. शेजारच्या गावचे पाटील. जमीन भरपूर, आवाज त्याहून मोठा. त्यांनी सोबत साऱ्याची पावती आणली होती. साऱ्याच्या रुपयामागे लोकल फंडाचा आणा आधीच कापला जातो आणि त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने चालतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"हाई पावती देख," ते मला म्हणाले. "बठ्ठा सारा भरेल शे. एकदाव आणा दिधा. दुसरा कसाले?"

मी सांगितलं की माझ्या हातात काही नाही. त्यावर आबा ओसरीतल्या बाकावर बसले आणि म्हणाले, हे बाकडं माझ्या पैशाचं आहे, मी उठत नाही. दोन तास बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की ही भिंत माझी, ही कौलं माझी, हा ड्रेसरही माझाच. मी ऐकून घेतलं. वयाने मोठे होते.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला करीमचाचा बसले होते. मोमीन, हातमागावर धोतरं विणायचे. डोळे आले होते म्हणून धुऊन घ्यायला आले होते. त्यांच्या नावावर बोटभर जमीन नव्हती. आबांनी त्यांना विचारलं, तुम्ही सारा भरत नाही, मग कोणाच्या बाकावर बसलात?

चाचांनी डोळ्यावरचा फडका काढला. म्हणाले, "तुमच्याच, आबा. पण तुमच्या अंगावरचं धोतर माझ्या मागावरचं आहे. उठायचं तर दोघं उठू. मी बाक सोडतो, तुम्ही धोतर सोडा."

आबा पहिल्यांदा हसले. सरकून त्यांनी चाचांना ऐसपैस जागा करून दिली. आणा मात्र दिला नाही. तसेच गेले.

पुढे बोर्डाने सवलत काढली. ज्याला आणा परवडत नाही त्याने आपल्या गावच्या पाटलाकडून गरिबीचा दाखला आणावा, म्हणजे औषध फुकट. आम्हाला वाटलं आता रीघ लागेल. पण आम्ही आमच्या लोकांना ओळखलं नव्हतं. भाकरी नसली तरी चालेल, पण आपण गरीब आहोत असं पाटलाच्या सहीने लिहून घ्यायचं? दोन महिन्यांत फक्त एक दाखला आला.

तो आबा पाटलांचा होता. खाली सही आबा पाटलांचीच.

साहेब म्हणाले, "आबा, तुम्ही गरीब?"

"कपाशीना भाव इचारा," आबा म्हणाले.

* * *

हा किस्सा मी पारावर सांगत नाही. पण लिहायला बसलो आहे तर लिहितो.

महारवाड्यातले लोक दवाखान्यात आत येत नसत. मागच्या खिडकीशी उभे राहत. बाटली खिडकीच्या दगडावर ठेवायची आणि मागे सरायचं. मी वरून औषध ओतायचो. कोणी मला तसा हुकूम दिला नव्हता. पद्धत होती, मी पाळत होतो. साहेब एकदा बोलले, तर मी ऐकलं नाही.

कागद लागल्यावर त्या खिडकीतूनही आणा येऊ लागला. तो मी हातात घ्यायचो. बोर्डाचा पैसा, पडला हरवला तर मी जबाबदार.

सदू म्हणून एक म्हातारा होता. साऱ्या गावाची मेलेली गुरं ओढून ओढून कंबर गेलेली. चोळायचं तेल न्यायला आला. त्याने आणा पुढे केला, मी घेतला. मग त्याने बाटली पुढे केली. दगडावर ठेवली नाही, हातातच धरून ठेवली.

"नाना," तो म्हणाला, "या हातचा आणा चालला. बाटलीनं काय केलं?"

रागाने म्हणाला नाही. खरंच विचारत होता.

मी बाटली हातात घेतली. त्या दिवसापासून सगळ्यांच्या घेतो. घरी आठ दिवस बोलणी खाल्ली, पण ते घरचं झालं.

* * *

भाद्रपदात हिवताप फार झाला आणि दवाखान्यात माणसं मात्र कमी झाली. पूर्वी या दिवसांत ओसरीत पाय ठेवायला जागा नसे. आता लोक ताप घेऊन घरात पडत. साहेबांनी बोर्डाला पत्र लिहिलं. बोर्डाने मीटिंग बोलावली आणि रजिस्टर मागवलं. साहेबांना रोग्यांमुळे जाता येईना, म्हणून रजिस्टर घेऊन मला पाठवलं.

तालुक्याच्या कचेरीत मोठ्या टेबलाभोवती सगळे बसलेले. मी दाराशी उभा. दोन तास वाद झाला. एक वकील म्हणाले, रयतेचा जीव राखणं हे सरकारचं पहिलं काम, बाकी सगळं मागून. दुसरे म्हणाले, सरकारने रस्ते बांधावे, पूल बांधावे. ताप ज्याचा त्याने बघावा. शेठचं तेच, फुकटचं लागत नाही. बोलणं सगळ्यांचं चांगलं होतं. ताप मात्र त्यातल्या एकालाही आलेला नव्हता.

रजिस्टर चाळता चाळता शेठनी मला विचारलं, "नाना, तुम्ही रोज पाहता. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "माझा बाप गळवं फोडायचा. फोडताना त्याने कधी कोणाकडे काही मागितलं नाही."

"मग खायचा काय?"

"खळ्यावर प्रत्येक घरची पायली यायची. त्या वर्षी त्या घरात गळू झालं असो नसो. दुखणाऱ्या माणसाकडे मागायचं नसतं, शेठ. धडधाकट असतो तेव्हा त्याच्याकडून घ्यायचं."

वकील टेबलावर हात मारून म्हणाले, हेच मी दोन तास सांगतोय. ते खोटं होतं.

शेठ हसले. म्हणाले, "ठीक आहे. मग तुम्हीही खळ्यावर घ्या."

सगळे हसले आणि मीटिंग उठली. शेठ थट्टेत बोलले, असं मला पुढे सगळ्यांनी सांगितलं. मला तसं वाटलं नाही. प्रेसिडेंट खुर्चीत बसून बोलले होते. मी तो हुकूम समजलो.

* * *

दुसऱ्या दिवसापासून मी आणा घेणं बंद केलं. येईल त्याला सांगायचो, बाटली भरून घे, खळ्यावर दे. इस्माईलभाईंनी विचारलं, लेखी काही आहे का? मी म्हटलं, बापाच्या वेळी तरी लेखी कुठं होतं. साहेबांनी मला आत बोलावलं, सगळं ऐकलं आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले की मी काही ऐकलेलं नाही.

ओसरी पुन्हा भरली.

मार्गशीर्षात खळी झाली. मला वाटलं होतं, ज्यांनी औषध नेलं ते देतील. पण बलुत्याची सवय जुनी. एकाने द्यायला सुरुवात केली की सारं गाव देतं. ज्यांना वर्षभर शिंकही आली नव्हती, त्यांनीही धान्य आणलं. ज्वारी आली, बाजरी आली, तूर आली. आबा पाटलांनी दाखला फाडून टाकला आणि गाडी पाठवली. करीमचाचांनी शेत नाही म्हणून पट्ट्यांना कापड दिलं. ड्रेसिंगच्या खोलीत मला उभं राहायला जागा उरली नाही. मी पट्ट्या अंगणात बांधू लागलो.

शेठ पाहायला आले. विचारलं, हे कोणाचं? मी म्हटलं, बोर्डाचं. ते ढिगापाशी गेले. मग ढिगात हात घातला, मूठभर ज्वारी काढली, दाताखाली एक दाणा फोडला.

"दाणा चांगला आहे," ते म्हणाले आणि गेले.

बोर्डाच्या क्लार्कची झोप उडाली. जमेच्या रजिस्टरात ज्वारीचा रकाना नव्हता. त्याने जळगावला विचारलं की हे कोणत्या खाती घ्यावं. जळगावहून उलट विचारणा आली की हे कोणी घ्यायला सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी अजून जपून ठेवली आहे. धान्य ज्याचं त्याला परत करा, असा हुकूम आला, तर एकही माणूस न्यायला आला नाही. दिलेलं बलुतं परत घेतल्याचं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. शेवटी साहेबांनी ते दळून घेतलं आणि उंदरांनी ठेवलं त्याचा घाटा, म्हणजे दाट पेज, करून ओसरीतल्या रोग्यांना घातला.

पौषात मीटिंग झाली आणि आण्याचा ठराव रद्द झाला. ठराव शेठनीच मांडला. कारण लिहिलं होतं, वसुलीची अडचण. मी दाराचा कागद माझ्या हाताने काढला.

* * *

कागद काढल्याला दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळी भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली, एक बाई आली. ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. मी तिला ओळखलं. नाव झिपरी.

ती भाद्रपदात आली होती. कडेवर तीन वर्षांचा मुलगा, तापाने डोळे फिरलेले. तिच्याजवळ आणा नव्हता. मी सगळ्यांना सांगायचो तेच तिलाही सांगितलं, खळ्यावर दे. ती म्हणाली होती, "मन्हं खळं नही, नाना." ते खरं होतं. भिलाटीत कोणाचंच खळं नाही, ते दुसऱ्याच्या खळ्यावर राबतात. मी म्हटलं, होईल तेव्हा दे. इस्माईलभाईंनी बाटली भरली, साहेबांनी पोराला स्वतः पहिला डोस पाजला. उद्या पुन्हा घेऊन ये म्हणून बजावलं. ती आली नव्हती.

आता एकटी होती.

मी विचारलं, "पोरगा?"

"तो ग्या, नाना. तिसरे दिन."

इस्माईलभाई आतून बाहेर आले आणि दाराला टेकून उभे राहिले.

ती खाली बसली. पदराची गाठ सोडली. पदरात ज्वारी होती. कणसं कापून नेल्यावर शेतात जे दाणे पडतात ते वेचलेले. मातीचे खडे होते, काही दाणे काळे पडलेले. तेवढे वेचायला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे.

मी तिला सांगितलं की आण्याचा कागद निघाला. आता कोणाकडून काही घ्यायचं नाही, सरकारचा तसा हुकूम आहे. तिने ऐकलं. मग मी म्हटलं, आणि तुझं तर काहीच लागत नाही, बाई. औषधाने गुण दिला नाही.

"औशद लिधं व्हतं," ती म्हणाली. "माप आन."

मी इस्माईलभाईंकडे पाहिलं. ते आत गेले आणि लाकडी मापटं घेऊन आले. तिने ते पायरीवर ठेवलं, वरून पदर रिता केला आणि तळहाताने माप सपाट केलं. चार दाणे बाहेर सांडले. ते तिने एकेक करून उचलले आणि पुन्हा पदराच्या गाठीत बांधले.

"बराबर शे?"

मी म्हटलं, "बरोबर."

ती उठली आणि गेली.